कमी पैशांत मुंबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत पैसे तिकिटांवर फारसे जात नाहीत. ते जातात चुकीच्या वारी चुकीच्या ठिकाणी पोचल्यावर पुढे धरलेल्या टॅक्सीवर. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: एका दिवशी एकच दिशा धरा आणि वार बघून निघा. दर २०२५ च्या अखेरीस लागू असलेले आहेत.

१. मुक्काम सोडून दिवसाला माणशी किती पैसे धरावेत?

चारशे ते पाचशे रुपयांत दिवस नीट होतो. लोकल, बस आणि एखादी शेअर टॅक्सी मिळून साठ ते शंभर, दोन वेळचं साधं खाणं आणि चहा-नाश्ता दोन-अडीचशे, उरलेले एखाद्या सशुल्क ठिकाणासाठी. रोज एकच सशुल्क ठिकाण ठेवलंत तर बाकीचा दिवस फुकटच्या जागांवर सहज निघतो (प्रश्न ७). एलिफंटा बेटावरच्या लेण्यांचा दिवस याला अपवाद. त्याचा हिशेब प्रश्न ८ मध्ये वेगळा दिला आहे.

२. लोकलचं तिकीट किती आणि कुठून काढायचं?

दुसऱ्या वर्गाचं कमीत कमी तिकीट ५ रुपये. दादर ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ५, अंधेरी ते चर्चगेट १०, बोरिवली ते चर्चगेट किंवा ठाणे ते सीएसएमटी १५. या शहरात याहून स्वस्त काही नाही.

तिकीट खिडकीवर, स्टेशनातल्या एटीव्हीएम मशीनवर किंवा रेल्वेच्या मोबाइल ॲपवर मिळतं. मशीनशेजारी बहुतेक वेळा रेल्वेने नेमलेला मदतनीस असतो. स्टेशनचं नाव आणि माणसं सांगितली की तो तिकीट काढून देतो. ॲपवर काढणार असाल तर स्टेशनात शिरण्यापूर्वीच काढा. फलाटावर उभं राहून काढायला गेलं की ॲप अडवतं, आणि नेमकी तेव्हाच गाडी समोर येते.

विनातिकीट सापडलात तर दंड २५० रुपये, शिवाय भाडं वेगळं. दंड बसतो तो बहुधा मुद्दाम फसवणाऱ्याला नव्हे, तर न कळून चुकणाऱ्या पाहुण्याला. तीन चुका नेहमीच्या:

साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये चढणं. एसीचं किमान भाडंच ३५ रुपये आहे आणि साधं तिकीट तिथे चालत नाही. दारं आपोआप बंद होणारी गाडी आली की आधी ओळखा.

गर्दीत ढकलले जाऊन फर्स्ट क्लासच्या डब्यात शिरणं. डब्यावर आणि फलाटाच्या खांबांवर लाल-पिवळे तिरके पट्टे असतात, ते बघून उभे राहा.

लोकलच्या तिकिटावर ठाण्याहून दादरला एक्सप्रेसने येणं. गाडी रिकामी असली तरी हे चालत नाही.

३. एकाच तिकिटावर मध्ये उतरून, फिरून, पुन्हा पुढे जाता येतं का?

नाही. लोकलच्या तिकिटाला मध्येच प्रवास तोडण्याची मुभा नाही. ठाणे–सीएसएमटी तिकिटावर भायखळ्याला उतरून राणीबाग (प्राणिसंग्रहालय) बघितलीत, तर पुढे जायला नवं तिकीट काढावं लागतं. पाच रुपयांचा प्रश्न असतो, पण रांगेत वीस मिनिटं जाऊ शकतात. दिवसभरात चार-पाचदा चढ-उतार होणार असेल तर प्रश्न ४ मधला पास बघा.

४. टुरिस्ट पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत?

रेल्वेचा टुरिस्ट पास पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर चालतो. दुसऱ्या वर्गाचा एका दिवसाचा ७५ रुपये, तीन दिवसांचा ११५, पाच दिवसांचा १३५. तो एसी लोकलला चालत नाही.

आता हिशेब. दादरला मुक्काम असेल तर दक्षिण मुंबईला जाऊन-येऊन १० रुपये लागतात. एक दिवसाच्या ७५ रुपयांची भरपाई होणं जवळपास अशक्य. ठाण्याला किंवा बोरिवलीला मुक्काम असेल तर जाऊन-येऊन ३० आणि मधल्या चढ-उतारांचे पाच-पाच, दहा-दहा. तरी एक दिवसाचा पास परवडत नाही. तीन दिवसांचा मात्र दिवसाला ३८ रुपयांना पडतो. लांब राहणाऱ्याला तो निश्चित परवडतो, आणि रांगा वाचतात ते वेगळं. मुदत तारखेने मोजली जाते, तासांनी नाही. संध्याकाळी पोचून तेव्हाच पास काढलात तर पहिला दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काढा.

बेस्टच्या (शहर बससेवेच्या) बसचा दिवसभराचा पासही ७५ रुपये आहे. बसचं साधं किमान भाडं १० आणि एसीचं १२ (पहिल्या पाच किलोमीटरपर्यंत), म्हणजे सहा-सात वेळा बस बदलणार असाल तरच घ्या.

५. फास्ट, स्लो, विरार फास्ट... नक्की कुठली गाडी धरायची?

फलाटावरच्या इंडिकेटरवर शेवटच्या स्टेशनचं नाव किंवा खूण, वेळ, एफ किंवा एस आणि डब्यांची संख्या दिसते. एफ म्हणजे फास्ट, एस म्हणजे स्लो.

पश्चिम मार्गावर मुंबई सेंट्रल आणि चर्चगेटच्या मधल्या ग्रँट रोड, चर्नी रोड, मरीन लाइन्स या स्टेशनांवर फक्त स्लो थांबते. गिरगाव चौपाटीला जायचंय आणि फास्टमध्ये बसलात तर थेट चर्चगेट. मध्य मार्गावर भायखळा आणि दादरला फास्टही थांबते, मशीद बंदरला नाही.

संध्याकाळी अंधेरी-बोरिवलीला जाण्यासाठी विरार फास्ट पकडू नका. ती बोरिवलीला थांबते, पण दारातली गर्दी तुम्हाला उतरू देईलच असं नाही. बोरिवली लोकलच पकडा. तसंच दादर-ठाण्यासाठी कसारा-कर्जतची फास्ट सोडून ठाणे लोकल घ्या. बसायलाही मिळण्याची शक्यता असते.

सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाण्याचं टाळा. मुलं, म्हातारी माणसं आणि बॅगा घेऊन तर नकोच. उलट दिशेच्या गाड्या त्याच वेळी बऱ्याच मोकळ्या असतात. मुक्काम दक्षिणेला आणि सकाळी उत्तरेकडची कान्हेरी लेणी, असा बेत म्हणूनच सोपा जातो.

कुटुंबातल्या बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये जाणार असतील तर चढण्यापूर्वी उतरायचं स्टेशन आणि भेटायची जागा पक्की करा. ‘फलाटावर भेटू’ पुरेसं नाही. बारा-पंधरा डब्यांच्या गाडीचा फलाट फार लांब असतो. ‘तिकीट खिडकीपाशी, पूर्वेला’ असं ठरवा. दादरला तर विशेष सांभाळा: १ ते ७ फलाट पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे.

६. कुठल्या वारी काय बंद असतं?

सगळ्यात जास्त फजिती इथेच होते.

सोमवारी एलिफंटा बंद, कान्हेरी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद, काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयही बंद. बुधवारी राणीबाग बंद, त्याच आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राणीबाग त्या दिवशी उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बंद ठेवतात. भाऊ दाजी लाड संग्रहालय मध्यंतरी दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होतं. तिथली चौकशी आधी फोनवर करूनच निघा.

शुक्रवारी चोरबाजारातली दुकानं बंद. रविवारी क्रॉफर्ड मार्केट बंद आणि फोर्टातले बरेच खाण्याचे अड्डेही, कारण त्यांचं गिऱ्हाईक ऑफिसातलं. पण नुसत्या इमारती बघत चालायला फोर्टात रविवार सकाळसारखा दिवस नाही. मंगळवारी सिद्धिविनायकाला गर्दी; कुठलाही दुसरा वार चालेल.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर कलादालन आठवडाभर उघडी असतात, म्हणून सोमवारचा दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवा.

७. खरोखर एक पैसाही न देता काय काय बघता येतं?

खूप. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या मुंबईतल्या तीन नोंदींपैकी दोन रस्त्यावर उभं राहून बघता येतात: २००४ मध्ये यादीत आलेलं सीएसएमटी स्टेशन, आणि २०१८ मध्ये आलेल्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. एकाच जागेवरून दोन काळ समोरासमोर दिसतात.

चालण्याचा क्रम असा ठेवा: सीएसएमटी, हुतात्मा चौक, ओव्हल, काळा घोडा, जहांगीर, गेटवे. हे अंतर तीन-साडेतीन किलोमीटर भरतं. थांबत-थांबत तीन तास. दुपार जहांगीरमध्ये काढा. प्रवेश फुकट आहे, आत गारवा आहे, आणि चित्रकार स्वतः हजर असला तर प्रश्न विचारायला संकोचू नका. उन्हं कलली की चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह आणि तसंच चालत गिरगाव चौपाटी. परतीला चर्नी रोड स्टेशन जवळ.

मलबार हिलवर फिरोजशहा मेहता उद्यान आणि म्हातारीचा बूट असलेलं कमला नेहरू उद्यान, दोन्ही फुकट. खाली वाळकेश्वरचं बाणगंगा तळं. मार्च २०२५ मध्ये सुरू झालेला झाडांमधला उंच लाकडी निसर्ग उन्नत मार्ग २५ रुपयांत आहे, पण वेळेचं बुकिंग ऑनलाइन करावं लागतं आणि शनिवार-रविवारच्या वेळा लवकर भरतात.

उत्तरेला जोगेश्वरी आणि मंडपेश्वर लेणी फुकट आहेत. वांद्र्याचा किल्ला, माउंट मेरी, दादरची चैत्यभूमी, गोराईचा विपश्यना पॅगोडा (होडीचे पैसे तेवढे पडतात) आणि दादर पश्चिमेचा फुलबाजार. फुलबाजार पहाटेच बघा, उन्हं आल्यावर तिथे फक्त चिखल उरतो.

हाजी अलीला भरती-ओहोटीची वेळ आधी बघा. मोठ्या भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते.

८. एलिफंटाला सगळं मिळून किती खर्च येतो? पैसे कुठे वाचतात?

होडीचं जाण्या-येण्याचं तिकीट अडीचशे-तीनशेच्या घरात. लेण्यांचं प्रवेश तिकीट ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ३५. पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. बेटावर उतरल्यावर ग्रामपंचायतीचा छोटा कर असतो, तो खरा आहे. त्यावरून वाद घालू नका.

गेटवेहून पहिल्या होड्या नऊच्या सुमारास सुटतात. जायला तास लागतो. पहिल्या तासात निघालात तर ऊन आणि गर्दी दोन्ही चुकतं, आणि दुपारनंतर गेटवे-फोर्ट हाताशी राहतं. दोननंतर निघण्यात अर्थ नाही.

पैसे वाचवायच्या जागा: होडीच्या वरच्या डेकसाठी वेगळे पैसे मागतात, खालून समुद्र तोच दिसतो. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी आहे. अंतर साधारण एक किलोमीटर, चालत जा. पुढे १२० पायऱ्या. बेटावर खाणं-पाणी महाग आहे, म्हणून पाणी आणि कोरडं खाणं बरोबर न्या, पण बॅगेत आत ठेवा. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडं ती हिसकतात, कधीकधी उघडी बाटलीसुद्धा.

गाइड घ्यायचाच असेल तर तिथे आलेल्या आणखी एक-दोन कुटुंबांबरोबर मिळून घ्या, आणि पैसे आधी ठरवा. गाइडशिवाय जात असाल तर मुख्य लेण्यातली त्रिमूर्ती आणि भोवतालची मोठी शिल्पं नीट बघायला तासभर द्या. बहुतेक लोक दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर पडतात आणि ‘एवढ्यासाठी आलो?’ म्हणतात.

लाइफ जॅकेट दिलं की घाला. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात. त्या दिवसांत एलिफंटावर सगळा बेत टेकवू नका.

९. बजेटमध्ये एकच लेणं बसतं. एलिफंटा की कान्हेरी?

पैसे कमी आणि पाय मजबूत असतील तर कान्हेरी. शंभरावर लेणी, पाण्याच्या टाक्या, कोरीव पायऱ्या, तिसऱ्या क्रमांकाचं भव्य चैत्यगृह, आणि होडीचा खर्च नाही. लेण्यांचं तिकीट २५ रुपये. पण उद्यानाच्या दाराशी वेगळं प्रवेश तिकीट लागतं आणि लेणी दारापासून सहा-एक किलोमीटर आत आहेत. दोन तिकिटं आणि आतल्या बसचं भाडं, असा हिशेब धरा. सकाळी जा. दुपारी तो काळा कातळ तापतो आणि वर सावली फारशी नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर एलिफंटा. त्यांना लेण्यांपेक्षा होडी आवडते, आणि ते ठीकच आहे.

१०. मुलांना घेऊन राणीबाग परवडते का?

मुंबईतल्या सशुल्क जागांत पैसा वसूल करून देणारी ही पहिली. मोठ्यांना ५०, मुलांना २५, आणि आई-वडील व दोन मुलं मिळून १०० रुपयांचं कुटुंब तिकीट. खिडकीवर ‘चार द्या’ म्हटलं तर सुटी चार तिकिटं मिळू शकतात. ‘फॅमिली’ असं स्पष्ट सांगा. पेंग्विन त्याच तिकिटात. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला चालत दहा मिनिटं. साडेचारच्या सुमारास तिकीट विक्री थांबते. चारला पोचून उपयोग नाही. बंदचा वार प्रश्न ६ मध्ये.

११. स्वस्त पण पोटभर कुठे खायचं?

स्टेशनातल्या स्टॉलवर दरांची पाटी लावलेली असते. वडापाव आणि चहा तिथे निर्धास्त घ्या. रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना मिळते. वीस मागितले तर पाटीकडे बोट दाखवा.

जेवायला ‘राइस प्लेट’ लिहिलेलं उडुपी हॉटेल शोधा. दोन पोळ्या किंवा पुऱ्या, भाज्या, वरण, भात, ताक. एसी हॉल असेल तर त्याच थाळीचे दर वेगळे असतात, म्हणून खालच्या साध्या हॉलमध्ये बसा. माटुंगा पूर्वेला स्टेशनसमोर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे. तिथलं दुपारचं जेवण घेतलं की रात्री फारसं काही लागत नाही. फोर्टात सीएसएमटीसमोर आराम, धोबीतलावला १९०४ पासूनचं इराणी कयानी, दादरला मराठी पदार्थांसाठी आस्वाद किंवा प्रकाश.

चौपाटीवर बसण्यापूर्वी भाव विचारा. बोलावणारी पोरं हात धरून बसवतात, मग पावभाजीच्या बिलात जादा पाव, बटर, पाण्याची बाटली असं वाढत जातं. भेळ उभ्याने खा.

१२. रिक्षा कुठपर्यंत मिळते? टॅक्सीत फसवणूक होते का?

माहीम आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही. दादर, परळ, फोर्ट, कुलाबा इथे फक्त टॅक्सी. रिक्षाचं किमान भाडं २६, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१, दोन्ही पहिल्या दीड किलोमीटरला. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जादा. ते कायदेशीर आहे. मीटरने यायला नकार दिला तर पुढची धरा, स्टेशनपासून शंभर पावलं दूर जाऊन. चौघं असाल तर थोड्या अंतराला टॅक्सी बसएवढीच पडते: चार एसी तिकिटांचे ४८, टॅक्सी ३१ पासून.

चर्चगेट आणि सीएसएमटीबाहेर शेअर टॅक्सीच्या रांगा असतात. माणशी ठरलेला दर, चार जण भरले की निघते.

१३. मेट्रो महाग पडते ना?

लोकलपेक्षा हो. आरे ते कफ परेड या भुयारी मार्गाचं भाडं १० ते ७० रुपये. पण हुतात्मा चौक, गिरगाव, काळबादेवी, सिद्धिविनायक इथे लोकल पोचत नाही आणि मेट्रो पोचते. म्हणून लांब पल्ला लोकलने आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर मेट्रोने, अशी जोड लावा. मोबाइलवरचं तिकीट खाली उतरण्यापूर्वी काढा. भुयारात नेटवर्कचा भरवसा धरू नका.

१४. रविवारी मेगाब्लॉक असतो म्हणतात. मग रविवारी येऊच नये का?

या, पण आदल्या दिवशीची बातमी वाचून. ब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या रोखणं, बहुधा सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत असतो. त्यात फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात किंवा एखादा तुकडा पूर्ण बंद ठेवतात. दहाच्या आत इच्छित ठिकाणी पोचा आणि पाचनंतर परत निघा. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळी बंद असतात. तेव्हा बस-टॅक्सीचा विचार सोडा.

१५. पुण्या-नाशिकहून एका दिवसात जाऊन येणं जमतं का?

जमतं. पुण्याहून सिंहगड किंवा डेक्कन क्वीन, नाशिकहून पंचवटी. परतीला डेक्कन क्वीन ५.१० ला, सिंहगड ५.५० ला, पंचवटी ६.१५ ला सीएसएमटीहून सुटते. म्हणजे हातात सहा-सात तास. त्यात प्रश्न ७ मधला फोर्टचा फेरा आणि एक संग्रहालय. एलिफंटा या बेतात कोंबू नका. मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त हवाच असेल तर परतीला रात्रीची एसटी धरा. पुण्याच्या एसटी गाड्या दादरहून सुटतात.

एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ पुढच्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड मूळ न्या.

१६. बॅगा कुठे ठेवायच्या?

सीएसएमटी, दादर, मुंबई सेंट्रल अशा मोठ्या स्टेशनांवर क्लोकरूम आहे. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. साखळीचं छोटं कुलूप घरूनच आणा, स्टेशनबाहेर तेच दुप्पट पडतं. लांबच्या गाडीचं तिकीट आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

१७. राहायला स्वस्त भाग कुठला?

खोली किती स्वस्त आहे त्यापेक्षा स्टेशनपासून किती दूर आहे ते बघा. स्टेशनला चालत जाता येत नसेल तर दोन वेळच्या रिक्षांत वाचलेले पैसे जातात. दादर सगळ्यात सोयीचं, ठाणे आणि कुर्ला त्याखालोखाल. रेल्वेच्या डॉर्मिटरीसाठी लांबच्या गाडीचं पीएनआर लागतं. लॉज ठरवताना ‘चोवीस तासांचा हिशेब की दुपारी बाराचा चेकआउट?’ हे विचारा. सकाळी आठला पोचून बाराच्या पद्धतीत अडकलात तर एका रात्रीत दोन दिवसांचं भाडं.

१८. ‘मुंबई दर्शन’ बस स्वस्त नाही का?

जाहिरातीतल्या दरात बहुतेक वेळा प्रवेश तिकिटं धरलेली नसतात, आणि बरीच ठिकाणं बसमधूनच दाखवतात. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी सोय म्हणून ठीक. घेण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून घ्या: कुठे उतरवणार आणि तिथे किती वेळ देणार.

१९. रात्री उशीर झाला तर परत कसं जायचं?

रात्री साधारण एक ते पहाटे चार लोकल बंद असतात. कसारा-कर्जतसारख्या लांबच्या शेवटच्या गाड्या त्याआधीच, बाराच्या सुमारास निघून जातात. नाटक बघायला शिवाजी मंदिरला गेला असाल (बाल्कनीचं तिकीट सगळ्यात स्वस्त, आणि आवाज वरही नीट पोचतो) तर तिथून दादर स्टेशन चालत गाठता येतं. गणपतीत अनंत चतुर्दशीच्या रात्री दोन्ही रेल्वे जादा लोकल सोडतात. वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. रात्री अकरानंतर लेडीज डबा रिकामा दिसला तर रेल्वे पोलीस उभे असलेला डबा बघून चढा. अडचण आली तर रेल्वेची हेल्पलाइन १३९.